उष्ण कटिबंधात जाताना: लशी कोणत्या, किती आधी आणि लशींच्या पलीकडे काय

प्रश्न थोडक्यात असा: पाच आठवड्यांनी एका उष्णकटिबंधीय देशात तीन आठवड्यांसाठी जायचे आहे. सोबत चार वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांच्या आजी आहेत. कोणत्या लशी घ्याव्यात, मलेरियाच्या गोळ्या हव्यात का आणि आणखी काय सांभाळायचे?

प्रश्नात देशाचे नाव नाही, पण ते असते तरी उत्तर अर्धेच निघाले असते. राजधानीत चार दिवस बैठकांसाठी राहणारा आणि त्याच देशात भातखाचरांच्या कडेला महिनाभर मुक्काम करणारा, या दोघांच्या लशी वेगळ्या असतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना प्रवासाचा आराखडा कागदावर लिहून न्या: कोणत्या दिवशी कोणते गाव, मुक्काम कसल्या जागी, कोणता महिना, विमान वाटेत कुठे आणि किती तास थांबणार, जंगल, गुहा, तळे, प्राणी यांच्याशी संबंध येणार का. सोबत प्रत्येकाची जुनी लसीकरणाची कागदपत्रे, चालू औषधांची यादी आणि झालेल्या शस्त्रक्रियांची माहिती. सल्ल्याचा दर्जा या कागदांवर ठरतो.

आणखी एक गाठ आधीच सोडवून घेऊ. ‘अनिवार्य’ लस आणि ‘आवश्यक’ लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीमेवर कागद मागतात तो त्या देशाला आजारापासून वाचवण्यासाठी, तुमच्या जिवाची काळजी म्हणून नव्हे. मलेरियाच्या गोळ्या घेतल्या का, हे कोणताही इमिग्रेशन अधिकारी विचारत नाही, आणि मलेरिया हा प्रवाशाचा जीव घेणाऱ्या आजारांत वरच्या क्रमांकाचा आहे. त्यामुळे ‘व्हिसासाठी काही लागत नाही, म्हणजे काही घ्यायला नको’ हा हिशेब चुकीचा.

अनिवार्य म्हणता येईल अशी मुख्य लस पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीवरची. हा आजार आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात आहे. आशियात तो नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आशियात भरपूर आहे. म्हणूनच आशियातले बरेच देश बाधित देशातून येणाऱ्यांकडे प्रमाणपत्र काटेकोरपणे मागतात. परतीच्या वाटेवर लोक अडकतात ते इथे. बाधित देशाच्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबा झाला, तरी काही देश प्रमाणपत्र मागतात. तेव्हा नियम पाहताना जाण्याचा देश, वाटेतला थांबा आणि परतीचा देश, तिन्ही तपासा.

लस एकच, ०.५ मिलीलिटर, आणि फक्त सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. इतर कुठे घेतली तर शरीराला संरक्षण मिळेल, पण प्रमाणपत्र मिळणार नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होते. नऊ दिवस झाले असतील तर सीमेवर ते नसल्यासारखेच. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध धरले जाते, जुन्या प्रमाणपत्र-पुस्तिकेवर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी. ती तारीख स्वतः पेनने बदलू नका. खाडाखोड झालेली पुस्तिका नाकारली जाऊ शकते. पुस्तिका हातात आली की तिथेच उभे राहून चार गोष्टी पाहा: नाव पासपोर्टाप्रमाणेच आहे का, लस दिल्याची तारीख, बॅच क्रमांक आणि डॉक्टरांची सही. नुसता शिक्का पुरत नाही.

ही जिवंत विषाणू क्षीण करून केलेली लस असल्याने ती सगळ्यांना देता येत नाही. सहा महिन्यांखालील बाळ, अंड्याची तीव्र अॅलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, एचआयव्हीमुळे खूप घटलेली प्रतिकारशक्ती आणि थायमस ग्रंथीचा विकार किंवा ती ग्रंथी काढलेली असणे, यांत ती देत नाहीत. थायमसचे फार जण सांगायला विसरतात, कारण ‘छातीचे ऑपरेशन’ एवढेच त्यांच्या लक्षात असते. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकवणारा आजार) असलेल्यांनी तर हे आवर्जून सांगावे. गर्भारपण आणि स्तनपान यांत धोका आणि फायदा तोलून ठरवतात.

आजींचा मुद्दा इथेच येतो. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना मेंदूवर किंवा यकृतासारख्या अवयवांवर होणाऱ्या गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. ती शक्यता एकूण कमीच आहे, पण तिथला खरा धोका किती हे पाहूनच निर्णय घ्यावा. जिथे आजार नाही, फक्त कागद मागतात, तिथे डॉक्टर वैद्यकीय कारणासाठी सूट देणारे पत्र देऊ शकतात. ते त्याच पुस्तिकेत ठरलेल्या जागी नोंदवून घ्यावे आणि तो देश ते स्वीकारतो का, हे त्यांच्या दूतावासाकडून आधी विचारून घ्यावे. आणि जिथे आजार खरोखर फैलावलेला आहे आणि आजींना लस देता येत नाही, तिथे आजींनी न जाणे हाच सल्ला. सुटीसाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

सक्तीच्या आणखी दोन लशी माहीत असाव्यात. हज-उमरासाठी सौदी अरेबिया मेनिंगोकॉकसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूची) चार प्रकारांवरची (ए, सी, डब्ल्यू, वाय) लस मागते, पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली. आणि पोलिओ अजून फिरतो आहे अशा देशांत चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिलात, तर तिथून बाहेर पडताना मागील चार आठवडे ते १२ महिने या काळात घेतलेल्या डोसची नोंद मागितली जाऊ शकते.

आता वेळेचे गणित. सहा ते आठ आठवडे हातात असणे उत्तम. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. त्यात जवळपास सगळे बसते, पण क्रम चुकला तर बसत नाही. निष्क्रिय लशी (ज्यांत जिवंत जंतू नसतात) एकाच दिवशी, वेगवेगळ्या जागी, कितीही देता येतात आणि त्यांच्यात अंतर ठेवायची गरज नसते. टोचायच्या जिवंत लशींचे तसे नाही: त्या एकाच दिवशी तरी द्याव्यात किंवा दोन्हींमध्ये किमान २८ दिवस जाऊ द्यावेत. समजा मुलाला गोवर-गालगुंड-रुबेलाचा राहिलेला डोसही द्यायचा आहे आणि पिवळ्या तापाची लसही. दोन्ही एकदम दिल्यास प्रतिसाद काहीसा कमी मिळतो असे दिसले आहे, म्हणून अंतर ठेवावेसे वाटते. पण गोवराची आज आणि पिवळ्या तापाची २८व्या दिवशी दिली, तर प्रमाणपत्र ३८व्या दिवशी लागू होईल आणि विमान ३५व्या दिवशी आहे. म्हणून प्रमाणपत्र हवे असेल तर पिवळा ताप आधी, गोवर नंतर. किंवा सरळ दोन्ही एकाच दिवशी.

उशीर झाला असेल तरी डॉक्टरांकडे जाणे टाळू नका. उद्या निघायचे असले तरी हेपॅटायटिस ए, धनुर्वात आणि मलेरियाच्या गोळ्या यांचा उपयोग होतो. मालिकेतला एखादा डोस राहून बरीच वर्षे गेली असतील, तर बहुतेक लशींची मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेला डोस घेऊन पुढे जायचे.

लोक परदेशी आजारांच्या मागे लागतात आणि घरगुती लशी राहून जातात. गोवर हा जगातल्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक. विमानतळाच्या रांगेतही लागतो. ज्यांना गोवर झालेला नाही आणि दोन डोसांची नोंद नाही, त्यांनी डोस पूर्ण करावेत. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला प्रवासासाठी गोवराचा एक डोस लवकर देतात, पण तो नेहमीच्या वेळापत्रकात मोजत नाहीत. धनुर्वात-घटसर्पाच्या शेवटच्या डोसाला १० वर्षे झाली असतील तर बूस्टर. फ्लूची लस आजींनी घ्यावीच: उष्ण कटिबंधात फ्लूला ठरावीक हंगाम नसतो, तो वर्षभर रेंगाळतो.

अन्नपाण्यातून येणाऱ्यांत हेपॅटायटिस ए ही बहुतेक सगळ्यांसाठी लागू पडणारी लस. एका डोसाने या प्रवासापुरते संरक्षण मिळते; सहा ते बारा महिन्यांनी दुसरा घेतला की दीर्घकाळाची निश्चिंती. ज्यांना लहानपणी ही कावीळ होऊन गेली आहे त्यांना लस नको. शंका असल्यास रक्तातली प्रतिपिंडे तपासता येतात. टायफॉइडची साधी व्हीआय लस दोन वर्षांपुढील मुलांना देतात, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी, आणि तिचे संरक्षण दोन-तीन वर्षांचे. नवी संयुग्म (प्रथिनाशी जोडून केलेली) लस सहा महिन्यांपासून चालते आणि जास्त टिकते. पण टायफॉइडची लस घेतली म्हणून उघड्यावरचे काहीही खाल्ले तरी चालेल, असे मुळीच नाही. संरक्षण अपुरे असते, आणि पोटात एकदम जास्त जंतू गेले तर ते मोडून पडते. दक्षिण आशियात, विशेषतः २०१६ पासून पाकिस्तानात, बहुतेक अँटिबायोटिकांना न जुमानणारा टायफॉइड आढळतो, म्हणून तिकडे जाताना ही लस टाळू नये. तोंडाने घ्यायची कॅप्सूलवाली लस असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते, एक दिवसाआड घ्यायची असते आणि त्या काळात अँटिबायोटिक चालू असेल तर लशीतले जिवंत जंतूच मरून जातात. कॉलऱ्याची लस सामान्य पर्यटकाला बहुधा लागत नाही. ती साथीत काम करणाऱ्यांसाठी.

हेपॅटायटिस बी रक्तातून, सुईतून, लैंगिक संबंधांतून पसरतो. अपघात होऊन परक्या दवाखान्यात टाके घालायची वेळ आली तर? म्हणून लस घ्यावी. नेहमीचे वेळापत्रक ०, १ आणि ६ महिन्यांचे. घाई असेल तर ०, ७ आणि २१ व्या दिवशी, मग वर्षाने चौथा. पाच आठवड्यांत हे आरामात बसते.

रेबीजवर जरा थांबू, कारण इथे चूक जिवावरच बेतते. आजाराची लक्षणे सुरू झाल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रवासापूर्वीची मालिका दोन डोसांवर आणली: ० आणि ७ वा दिवस. याचा फायदा चावल्यानंतर कळतो. आधी लस घेतलेल्याला चाव्यानंतर फक्त दोन डोस लागतात, ० आणि ३ ऱ्या दिवशी. न घेतलेल्याला चार डोसांची मालिका आणि शिवाय जखमेत भरायचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) लागते, मानवी असेल तर दर किलो वजनाला २० युनिट, घोड्याचे असेल तर ४०. हे इम्युनोग्लोब्युलिन जगात कित्येक ठिकाणी मिळतच नाही. ते शोधत लोक शहरे आणि कधी देशही पालथे घालतात. मुले प्राण्यांजवळ जातात, चेहऱ्याच्या उंचीवर चावा बसतो, आणि ओरडा मिळेल म्हणून सांगतही नाहीत. म्हणून चार वर्षांच्या मुलाला ही लस द्यावी असे माझे मत, विशेषतः मोठ्या रुग्णालयापासून दूर जाणार असाल तर.

चावा, ओरखडा किंवा फुटलेल्या त्वचेवर लाळ, काहीही झाले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटे, कारण अंदाजाने धुणारे दोन मिनिटांत थांबतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन. हळद, मिरची, चुना काही लावू नका. टाके शक्यतो लगेच घालू देऊ नका. घालावेच लागले तर आधी इम्युनोग्लोब्युलिन. लस दंडात घेतात, लहान मुलांत मांडीत. नितंबात कधीच नाही, तिथे चरबीमुळे परिणाम कमी होतो. माकड आणि वटवाघूळ यांचा चावाही यात मोजायचा. वटवाघळाच्या दातांची खूण दिसतही नाही. पहिल्या डोसाच्या दिवशी इम्युनोग्लोब्युलिन मिळाले नाही, तर सातव्या दिवसापर्यंत ते देता येते. त्यानंतर उपयोग नाही. तोवर लस थांबवायची नाही.

जपानी मेंदूज्वराची लस आशियातल्या ग्रामीण भागात, भातशेती आणि डुकरे यांच्या आसपास बराच काळ राहणाऱ्यांसाठी आहे. शहरांतल्या हॉटेलांत फिरणाऱ्यांना सहसा नको. डोस ० आणि २८ व्या दिवशी. ० आणि ७ असे जलद वेळापत्रक फक्त १८ ते ६५ वयासाठी मान्य आहे, म्हणजे तुमच्या घरात मुलगा आणि आजी दोघेही त्यातून बाहेर. त्यांना २८ दिवसच लागतील, म्हणून पहिला डोस याच आठवड्यात. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या मेनिंजायटिस पट्ट्यात डिसेंबर ते जून या कोरड्या काळात जाणार असाल तर मेनिंगोकॉकसची लस घ्या. डेंग्यूची लस काही देशांत मिळते, पण तिच्या दोन डोसांत तीन महिन्यांचे अंतर असते. तुमच्यासाठी हा विषय इथेच संपतो.

इथपर्यंत लशी. खरी अडचण ही की प्रवाशाला पाडणाऱ्या बहुतेक गोष्टींवर लस नाही: जुलाब, मलेरिया, ऊन आणि रस्ता. मलेरियाच्या दोन लशी आल्या आहेत, पण त्या आफ्रिकेतल्या मुलांसाठी आहेत, पाहुण्यांसाठी नाहीत.

डासांपासून सुरुवात करू. मलेरियाचा अॅनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो; डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिकाचा एडिस दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी. म्हणजे ‘रात्री मच्छरदाणी आहे ना’ हे अर्धेच संरक्षण. अंगाला लावायच्या औषधात डीईईटी २० ते ५० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असावे. डीईईटी २० टक्के साधारण एक ते तीन तास चालते, ३० टक्के सहा तासांपर्यंत, ५० टक्के बारा तासांपर्यंत. त्याहून तीव्र घेतल्याने काही वाढत नाही. घाम आणि पाणी हे तास कमी करतात. मुलाला ३० टक्क्यांपर्यंतचे चालते, पण हातांच्या पंज्यांना लावू नये, ते तोंडात जातात. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर डासांचे औषध. उलट केले तर दोन्ही वाया जातात. डीईईटीने चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, कृत्रिम धाग्याचे कपडे खराब होतात. लसूण, बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि आवाज काढणारी यंत्रे यांनी डास थांबत नाहीत.

मच्छरदाणी परमेथ्रिन या कीटकनाशकाने भिजवलेली असावी आणि तिची कडा गादीखाली खोचावी. नुसती लोंबती सोडलेली मच्छरदाणी डासांना आत कोंडून ठेवते. हात किंवा गुडघा जाळीला टेकला तर बाहेरूनही चावा बसतो. कपड्यांनाही परमेथ्रिन फवारता येते. ओले असताना मांजरापासून लांब ठेवा, मांजरांना ते विषारी आहे.

मलेरियाच्या गोळ्या देशाच्या नावावर नव्हे, तर जिल्हा, उंची आणि हंगाम यांवर ठरतात. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल (प्रौढांना २५०/१०० मिलिग्रॅम) निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, रोज एक, परतल्यावर ७ दिवस. जेवणासोबत किंवा दुधासोबतच, कारण स्निग्धांशाशिवाय ती नीट शोषली जात नाही. तासाभरात उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. मुलांच्या छोट्या गोळ्या ६२.५/२५ मिलिग्रॅमच्या मिळतात. ११ ते २० किलो वजनाला रोज एक. आजींचे क्रिएटिनिन आधी तपासून घ्या, कारण मूत्रपिंड खूप कमकुवत असेल तर ही गोळी चालत नाही. वॉरफरीन (रक्त गोठू न देणारे औषध) घेत असतील तर तेही सांगा.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते: १०० मिलिग्रॅम रोज, एक-दोन दिवस आधीपासून परतल्यानंतर ४ आठवडे. आठ वर्षांखालील मुलांना आणि गर्भवतींना नाही. तिच्या तक्रारी बहुतेक घेण्याच्या पद्धतीतून येतात. झोपायच्या आधी घोटभर पाण्याबरोबर गिळली की कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पाडते. पेलाभर पाणी, आणि निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. लोह, कॅल्शियम आणि अँटासिड यांपासून दोन-तीन तास लांब. ऊन लागून त्वचा भाजते, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा २५० मिलिग्रॅम, निघण्याच्या निदान दोन आठवडे आधीपासून परतल्यावर ४ आठवडे. आधी सुरू करण्याचे एक कारण असे, की ज्याला ती सोसत नाही त्याला घरीच कळावे. नैराश्य, तीव्र चिंता, फिट्स किंवा हृदयातल्या विद्युत-संदेशांच्या वहनाचा दोष असेल तर ती घेऊ नये.

परतल्यावरच्या दिवसांतच लोक गोळ्या सोडतात. डास शेवटच्या दिवशी चावला तर परजीवी आधी यकृतात वाढतो आणि मग रक्तात येतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन रक्तात आल्यावर त्याला मारतात, म्हणून चार आठवडे. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करते, म्हणून सात दिवस पुरतात. गोळ्या घरूनच न्या, वाटेत विकत घेऊ नका. काही देशांत बनावट मलेरिया-औषधांचा सुळसुळाट आहे. होमिओपॅथीच्या ‘मलेरिया-प्रतिबंधक’ गोळ्यांवर अवलंबून राहिल्याने लोक आजारी पडले आहेत.

‘मी उष्ण प्रदेशातच वाढलो, मला काय होणार’ या समजुतीला इथे जागा नाही. मलेरियाविरुद्धची अर्धवट प्रतिकारशक्ती सततच्या संसर्गाने टिकते आणि बाहेर राहिल्यावर काही वर्षांत विरते. नातेवाइकांना भेटायला जुन्या गावी जाणारे प्रवासीच मलेरिया आणि टायफॉइडमध्ये जास्त आढळतात. त्यांचा मुक्काम लांब असतो, ते घरचेच पाणी पितात आणि सल्ला घ्यायला जायचे त्यांना सुचतच नाही.

जुलाबांचे बहुतांश कारण जिवाणू, त्यातही विशिष्ट प्रकारचा ई. कोलाय. वाफाळते गरम अन्न, स्वतः सोललेले फळ, सीलबंद पाणी. बर्फ, कापलेली फळे आणि तासन्‌तास कोमट राहिलेले अन्न नको. पाणी खळखळून १ मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटे. क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास द्या, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तिला जुमानत नाही. साधा फिल्टर विषाणू अडवत नाही. दात घासायलाही हेच पाणी. हात साबणाने धुवा. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर तितका चालत नाही.

जुलाब लागलेच तर आधी ओआरएस. पाकिटावर लिहिलेले पाणी म्हणजे तेवढेच पाणी: १ लिटरचे पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवले तर द्रावण घट्ट होते, जुलाब वाढतात आणि मुलाच्या रक्तातले सोडियम धोकादायक चढू शकते. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. २४ तासांनी उरलेले फेकून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नका.

प्रौढांना लोपेरामाइड आधी ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २; डॉक्टरांच्या सल्ल्याविना दिवसाला ८ च्या वर नाही. ताप किंवा शौचात रक्त असेल तर घ्यायचे नाही, आणि मुलाला अजिबात द्यायचे नाही. अँटिबायोटिक प्रत्येक जुलाबाला नको. ताप, रक्त किंवा अंथरुणाला खिळवणारे जुलाब असतील तर प्रौढांना अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज, तीन दिवस. ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सिप्रोफ्लॉक्सासिनला दक्षिण आणि आग्नेय आशियातले जंतू बरेच सरावले आहेत. दोन आठवडे उलटूनही पोट ताळ्यावर येत नसेल तर जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीची तपासणी.

उन्हाला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून पहिले काही दिवस दुपारी मोठी पायपीट नको. भरपूर घाम आणि नुसतेच साधे पाणी असे झाले तर सोडियम घटते. खारट काहीतरी पोटात जाऊ द्या. अंग तापलेले आणि माणूस बरळतोय, तर तो उष्माघात: पाणी ओतून वारा घालत तिथेच थंड करायला लागा, रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका.

आफ्रिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत, उदाहरणार्थ मलावी आणि व्हिक्टोरिया सरोवरांत, शिस्टोसोमा हा कृमी त्वचेतून शिरतो. टॉवेलने चटकन पुसले म्हणजे सुटलो, असे नाही. अनवाणी चालण्याने हुकवर्म हा आतड्यातला कृमी होतो. बाहेर वाळवलेले कपडे आफ्रिकेत इस्त्री करूनच घाला, शिवणींसकट. माशीची अंडी त्यांवर असतात आणि अळी कातडीत शिरते. गर्भवती असाल किंवा दिवस राहू देण्याचा विचार असेल, तर झिकाच्या देशाबाबत आधीच बोला. परतल्यावर बाईने दोन आणि पुरुषाने तीन महिने थांबायचे असते.

धडधाकट प्रवासी परदेशात मरतात ते बहुधा रस्त्यावर. सीट बेल्ट, हेल्मेट, मुलाची खुर्ची, आणि रात्रीचा घाटातला प्रवास टाळणे. याला लशीइतकेच महत्त्व द्या. विम्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते वाचा. औषधे मूळ वेष्टनात, जेनेरिक नावाच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकते. कोडीन, ट्रामाडॉल यांसारखी वेदनाशामक औषधे काही देशांत परवान्याशिवाय नेणे गुन्हा आहे.

ताप आला तर तारखा मोजा. मलेरिया चाव्यानंतर सात दिवसांच्या आत जवळजवळ कधीच उठत नाही, म्हणून पोहोचल्याच्या चौथ्या दिवशीचा ताप बहुधा दुसराच काही. डेंग्यू साधारण ४ ते १० दिवसांत उठतो. तिथून निघून दोन आठवडे झाल्यावर आलेला ताप डेंग्यूचा नसण्याची शक्यता मोठी. डेंग्यूची शंका असेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही. आणि ताप उतरला की सुटलो असे समजू नका: धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटात जोरदार दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त किंवा गळून जाणे दिसले तर लगेच रुग्णालय.

मलेरियाच्या भागात पाय ठेवल्याला सात दिवस झाल्यापासून परतल्यावर तीन महिन्यांपर्यंत येणारा प्रत्येक ताप मलेरिया समजून त्याच दिवशी रक्त तपासा, गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी. फाल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार एका दिवसात साध्या तापावरून बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, असे तीनदा. व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार यकृतात दबा धरून महिन्यांनी, क्वचित वर्षानंतरही उठतो आणि वरच्या तिन्ही गोळ्या त्याला तिथून हुसकावत नाहीत. म्हणून पुढच्या वर्षभरात ताप आला, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी कुठे गेला होता आणि कोणत्या तारखेला परतलात, हे आधी सांगा. तळ्यात उतरला असाल तर शिस्टोसोमाची रक्ततपासणी शेवटच्या आंघोळीनंतर सुमारे आठ आठवड्यांनी करा. त्याआधी केलेली निगेटिव्ह निघाली तरी ग्राह्य धरता येत नाही.